स्टेंटच्या आत परत ब्लॉकेज, पण एलडीएल 'नॉर्मल' : मदत हवी आहे

नमस्कार, बाबांबद्दल विचारायचंय. वय ६३, जुना डायबेटिस. गेल्या वर्षी एलएडीत (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी) औषध लावलेला स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला, आता जिना चढताना परत छातीत भरून यायला लागलं म्हणून अँजिओग्राफी केली तर त्याच स्टेंटच्या आत ७५ टक्के ब्लॉकेज निघालं. बाबा एकदम खचलेत, म्हणतात सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या, तेल-तूप सोडलं, मग हे झालं कसं? अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० (कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी) चालू आहे, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८४ आलं आणि लॅबच्या कागदावर '१०० च्या खाली नॉर्मल' असं छापलंय. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) मात्र ८.६. काका सांगतायत की स्टॅटिननेच साखर वाढते, ती बंद करा आणि अर्जुनाचा काढा द्या. मला ते पटत नाहीये पण घरात रोज त्यावरून वाद होतोय. ब्लॉकेज कोलेस्टेरॉलमुळेच परत आलं का? लिपोप्रोटीन ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) तपासावं का?

प्रतिसाद :
मी फिजिशियन आहे, पण रिपोर्ट न बघता ढोबळच सांगतो. पहिली गोष्ट, स्टॅटिन बंद करू नका, आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तर कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय अजिबातच नाही. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते पण बाबांसारख्या पेशंटला फायदा कितीतरी जास्त आहे. वर्षभरात स्टेंट अरुंद होतो तो बहुतेक वेळा चरबीने नाही, स्टेंटने रक्तवाहिनीच्या भिंतीला जी इजा होते ती भरताना आतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात. जखमेवर जाड व्रण यावा तसं. साध्या स्टेंटमध्ये हे २० ते ३० टक्के लोकांना व्हायचं, औषधाच्या स्टेंटमध्ये बरंच कमी, पण डायबेटिस असेल, वाहिनी बारीक असेल, स्टेंट लांब असेल किंवा नीट फुललेला नसेल तर धोका वाढतो. म्हणजे बाबांनी पथ्य मोडलं म्हणून झालं असं नाही, हे त्यांना जरूर सांगा. स्टेंटच्या आत कोलेस्टेरॉलचा थर साचतो तो सहसा पुढच्या वर्षांत.

तरी ८४ चालणार नाही. तो १०० चा आकडा निरोगी माणसाचा, स्टेंटवाल्याला ५५ च्या खाली हवं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरतं, इझेटिमाइब (कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी) जोडलं तर साधारण २० टक्के, म्हणजे ६७ च्या आसपास, तेही पुरणार नाही, पुढचं औषध लागेल का ते विचारा. लिपोप्रोटीन ए एकदा तपासाच, ते अनुवांशिक असतं, पथ्याने फारसं हलत नाही, जास्त निघालं तर तुम्हा भावंडांनीही करून घ्या. आणि साखर आधी आटोक्यात आणा.

धागाकर्ती :
खूप खूप आभार, बाबांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. मंगळवारी अपॉइंटमेंट आहे. डॉक्टर औषधाचा बलून (औषध लावलेला फुगा आत फुगवून वाहिनी मोकळी करणं) म्हणतायत, आत आणखी एक स्टेंट नको म्हणे. आधी आतून ओसीटी किंवा आयव्हसने (वाहिनीच्या आतलं चित्र दाखवणाऱ्या तपासण्या) बघून घ्या असा आग्रह धरू का? कुणाच्या घरी स्टेंटमध्येच असा बलून केलाय का, प्लीज सांगा.