साप उंदीर खातात ते माहितीये, पण कासव, मगर, पाल यांचं निसर्गात काम काय?

रानभूल:
सापांबद्दल सगळे बोलतात, उंदीर खातो, शेतकऱ्याचा मित्र वगैरे, ते पटतं. पण बाकीच्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं काय? समजा एखाद्या जंगलातली सगळी कासवं गेली तर नक्की बिघडेल काय? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

कवचधारी:
कोण कोणाला खातं एवढंच बघू नका, कोण काय खणतं तेही बघा. अमेरिकेच्या आग्नेय भागात गोफर कासव आहे, वाळूच्या जमिनीत लांबलचक बिळं खणतं, कित्येक मीटर आत जातात ती. त्या बिळांमध्ये साडेतीनशेपेक्षा जास्त जातींचे प्राणी आसरा घेतात, बेडूक, साप, उंदीर, ढीगभर किडे. तिथल्या पाइनच्या जंगलात वणवे अधूनमधून लागतातच, वरती सगळं पेटलेलं असताना आत बिळात थंड आणि ओलसर असतं. कासव गेलं की नवीन बिळं बंद, जुनी हळूहळू ढासळतात. मला तर हे कासव त्या जंगलाचा पायाच वाटतं.

दलदल_प्रेमी:
+१. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स नावाच्या मोठ्या दलदलीत अ‍ॅलिगेटर (मगरीचाच नातेवाईक) असंच करतो, तोंडाने, पायांनी, शेपटीने चिखल उपसून खड्डे करतो आणि कोरड्या दिवसांत आजूबाजूचं पाणी आटलं तरी तिथे पाणी टिकतं. मग मासे, कासवं, बगळे सगळे तिकडेच. त्यातले काही त्याच्याच पोटात जातात हे खरं, पण तो खड्डा नसता तर बाकीच्यांचेही हाल झाले असते.

कवचधारी:
आणि बिया राहिल्याच की! मॉरिशसची मूळची मोठी कासवं माणसांनी संपवली, त्यानंतर तिथल्या एबनीच्या (काळ्या टणक लाकडाच्या) झाडांच्या बिया लांब न्यायला कोणी उरलं नाही, फळं झाडाखालीच पडून राहायची. मग जवळच्या इल ऑ एग्रेत बेटावर २००० साली अल्डाब्रा या हिंदी महासागरातल्याच दुसऱ्या बेटावरची मोठी कासवं आणून सोडली, त्यांनी फळं खाल्ली, बिया शेणातून लांब पडल्या आणि त्यातून रोपं आली, पोटातून गेलेल्या बिया उलट जास्त चांगल्या रुजल्या. पालींचंही सांगतो, मॉरिशसमध्येच दिवसा फिरणाऱ्या हिरव्या पाली फुलांतला मध पितात आणि परागीभवन करतात.

रानभूल:
भारी! म्हणजे सरपटणारे प्राणी जितके जास्त तितकं चांगलं?

दलदल_प्रेमी:
नाही नाही, जागा महत्त्वाची. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर तपकिरी रंगाचा झाडावरचा साप बाहेरून पोचला, बहुतेक जहाजातल्या सामानातून. तिथल्या पक्ष्यांना असला शिकारी माहीतच नव्हता, काही दशकांत रानातले जवळजवळ सगळे मूळचे पक्षी संपले. पक्षी गेले तसे कोळी वाढले आणि बिया पसरणंही कमी झालं. तोच साप ऑस्ट्रेलियात किंवा न्यू गिनीत काहीच वाईट करत नाही, तिथले पक्षी त्याच्यासोबतच वाढलेत.