मसाल्याच्या धंद्यासाठी अ‍ॅप काढू का? सल्ला हवा

लवंगी_मिरची
नमस्कार मंडळी. मी आणि सासूबाई कोल्हापुरातून कांदा-लसूण मसाला विकतो. खरी धावपळ चैत्र-वैशाखात. तेव्हा गच्चीभर बेडगी आणि संकेश्वरी मिरची वाळत असते आणि डंकावर (मसाला कुटायच्या गिरणीवर) नंबर लावायला पहाटे पाचला पळावं लागतं. गिऱ्हाईक सहाशेच्या आसपास घरं, निम्मी पुण्या-मुंबईची, थोडी बेळगावकडची. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. "ताई, मागच्यासारखाच दोन किलो" असा व्हॉइस मेसेज येतो, मग मागच्या वेळी कमी तिखट दिला होता की झणझणीत, ते सासूबाईंच्या वहीत शोधत बसायचं.

परवा एक अ‍ॅपवाला येऊन गेला. १ लाख ८० हजार, वर दरसाल २५ हजार देखभाल. "मॅडम, आता जमाना अ‍ॅपचा आहे, एआय चॅटबॉटपण टाकून देतो, गिऱ्हाइकांना तो आपोआप उत्तरं देईल." नवरा म्हणतो घेऊन टाक. माझ्या पोटात गोळा आलाय. वेबसाइट करू, अ‍ॅप करू, की आहे तेच बरं?

घाटमाथा
वर्षातून दोनदा मसाला घेणारा माणूस फोनमध्ये तुमचं अ‍ॅप ठेवेल का? मी नाही ठेवणार. पुढचे लोक सविस्तर लिहितीलच.

कीबोर्डकर
मी अ‍ॅप बनवूनच पोट भरतो, तरी सांगतो, घेऊ नका.

२०१५ च्या मे महिन्यात ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं होतं. मागे फ्लिपकार्टसारखी मालक कंपनी, तरी पुढच्या वर्षी वेबसाइट पुन्हा उघडावी लागली. फ्लिपकार्टनेही त्याच २०१५ मध्ये मोबाइल साइट गुंडाळली आणि वर्ष संपायच्या आत 'फ्लिपकार्ट लाइट' म्हणून परत आणली. ती उघडते ब्राउझरमध्ये, वागते अ‍ॅपसारखी. याला प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप म्हणतात, आम्ही नुसतं पीडब्ल्यूए. साइटबरोबर एक छोटी फाइल असते, तिच्यात नाव आणि आयकॉन. शिवाय सर्व्हिस वर्कर नावाचा कोड असतो, तो पाहिलेली पानं फोनमध्ये साठवून ठेवतो, त्यामुळे एसटी घाटात शिरून रेंज गेली तरी भावाचं पान दिसतं. गिऱ्हाइकाने 'होम स्क्रीनवर जोडा' दाबलं की झालं. आयफोनवर नोटिफिकेशन जात नसत, तेही मार्च २०२३ च्या आयओएस १६.४ पासून जायला लागले, फक्त साइट आधी होम स्क्रीनवर घेतलेली असावी लागते.

त्या अ‍ॅपवाल्याला एवढंच विचारा की लोक जिथून अ‍ॅप उतरवून घेतात त्या स्टोअरचं खातं कोणाच्या नावावर निघणार. गूगल प्लेला २५ डॉलर एकदाच लागतात, अ‍ॅपलला ९९ डॉलर दर वर्षी. प्लेवर नवं वैयक्तिक खातं काढलं तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. यातलं काही बोलला का तो?

गोठा_ते_ओटा
थोडा वेगळा सूर लावतो. आमचा नाशिकला दुधाचा रतीब आहे, आमचं अ‍ॅप मस्त चालतं. रात्री दहाला लोक "उद्या अर्धा लिटर जादा", "परवापासून चार दिवस खाडा" असं टाकतात आणि महिनाअखेर बिल आपोआप निघतं. पूर्वी खाड्यांवरून दर महिन्याला भांडणं व्हायची. म्हणजे अ‍ॅप वाईट नाही, पण गिऱ्हाईक ते रोज उघडणार असेल तरच. मसाल्याला गरज नाही, यात मी वरच्यांशी सहमत.

खडूस_काकू
वेबसाइट करणार असाल तर माझं ऐकूनच करा.

सहा वर्षांपूर्वी माझ्या साड्यांच्या दुकानासाठी एका मुलाने साइट बनवून दिली. छान होती. दोन वर्षांनी तो दुसऱ्या शहरात गेला, फोन लागेना. डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत संपली, तेव्हा कळलं की नोंदणी त्याच्या नावावर, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. पिशव्यांवर, कार्डांवर, रिक्षामागच्या जाहिरातीवर तोच पत्ता छापलेला. आता तिथे कोणत्यातरी पत्त्यांच्या जुगाराचं पान उघडतं. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले, "काकू, हे काय सुरू केलंत?"

तेव्हा डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने पैसे भरून घ्यायचं. बनवणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा. देवनागरीत '.भारत'सुद्धा २०१४ पासून मिळतं, दिसायला झकास, पण माझा अनुभव असा की लोकांना फोनवर सांगायला इंग्रजी पत्ताच सोपा जातो. हौस असेल तर दोन्ही घ्या.

माहेरवाशीण_ठाणे
मी विकणारी नाही, घेणारी आहे, तरी लिहिते. माझी आई ७४ वर्षांची. दिवाळीला फराळवाल्या बायका भावपत्रक फोटो करून पाठवतात, मागे तोरण, पणत्या, त्यात पिवळ्या अक्षरात भाव. ती दोन बोटांनी मोठं करते, तर अक्षरं फुटतात. मग मला फोन. ओळखीतल्या एकांना दिसत नाही, त्यांच्या फोनवर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक आहे. तो फोटोतले भाव धड वाचत नाही, साधा मजकूर असला की घडाघडा वाचतो.

म्हणून भाव अक्षरांत लिहा. आता लोक गूगलला मराठीत बोलून विचारतात, एआयला विचारतात, उत्तर वरच्या वर मिळालं तर साइट उघडतही नाहीत. त्या उत्तरात तुमचं नाव यायचं तर "अर्धा किलो, कमी तिखट, तीळ-खोबरं घातलेला, कोल्हापूर" हे कुठेतरी मजकुरात असायला नको का?

घाटमाथा
@माहेरवाशीण, हे आमच्या सोसायटीच्या नोटिसा काढणाऱ्यांनाही सांगा कोणीतरी.

कीबोर्डकर
चॅटबॉटबद्दल राहिलंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात निकाल लागला. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या तिकिटाचा चुकीचा नियम सांगितला. कंपनीचं म्हणणं पडलं की बॉट जे बोलतो त्याला आम्ही जबाबदार नाही. लवादाने ते उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्या मसाल्यात तीळ असतात. एखाद्याला तिळाची अ‍ॅलर्जी असली आणि बॉटने ठोकून दिलं की तीळ नाहीत, तर? सहाशे घरांना बॉट कशाला हवाय, सासूबाई आहेत की.

त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. २०१८ पासून आहे, फुकट आहे, नंबर तोच ठेवता येतो. कॅटलॉगमध्ये भाव टाका. लेबलं करा: 'कमी तिखट', 'झणझणीत', 'पैसे बाकी'. वहीतलं अर्धं शोधणं तिथेच संपेल. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम सगळ्यांना पाठवायचा मेसेज, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, तेव्हा पाकिटात "नंबर सेव्ह करा" अशी चिठ्ठी घाला. आणि सगळी यादी महिन्यातून एकदा शीटमध्ये उतरवून ठेवा. खातं उद्या कशावरून तरी बंद पडलं तर वही तरी हाती राहील.

लवंगी_मिरची
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! अजून दोन शंका. एक, ऑनलाइन विक्रीसाठी ओएनडीसीवर जावं का? दुसरं सांगायला लाज वाटते. मागच्या दिवाळीत एकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, मी चार किलो पाठवून दिला. पैसे आलेच नव्हते. स्क्रीनशॉट बनावट.

गोठा_ते_ओटा
लाज कसली, आमचंही दोनदा झालंय. स्क्रीनशॉट पाहायचाच नाही. बँकेचा जमा झाल्याचा मेसेज किंवा खात्यातली नोंद दिसली तरच पाकीट बांधायचं. रक्कम आधीच भरलेला क्यूआर पाठवता येतो, त्यात ऑर्डर नंबरही घालता येतो, म्हणजे ४२० रुपये नेमके कोणाचे हे शोधायला नको. आणि सासूबाईंना पक्कं सांगा की पैसे *घ्यायला* यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागतोय म्हणजे पैसे जातायत.

ताळेबंद
ओएनडीसी म्हणजे अ‍ॅप नव्हे, जाळं आहे. तुम्ही एका विक्रेता-अ‍ॅपमधून माल लावायचा, गिऱ्हाइकाला तो दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये दिसतो. कोणत्याही ऑनलाइन मंचावर जाण्याआधी जीएसटीचं बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला मंचावरून माल विकायला पूर्ण नोंदणी लागत नाही, एनरोलमेंट नंबर पुरतो, पण राज्याच्या आतच विकायचं. तुमचं बेळगावचं गिऱ्हाईक म्हणजे कर्नाटक, तिथे ही सवलत नाही. सीएला एकदा विचाराच. आणि पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नपरवान्याचा) १४ आकडी नंबर आहे ना?

लवंगी_मिरची
नंबर आहे, ते काम पहिल्याच वर्षी केलं.

तर ठरलं ते असं. अ‍ॅपवाल्याला नाही सांगितलं. स्टोअरचं खातं कोणाच्या नावावर विचारलं, तर "ते आम्ही बघून घेतो मॅडम" म्हणाला, मग नवराही गप्प झाला. डोमेन काल माझ्या नावावर घेतलं. साइट एका पानाची, भाव अक्षरांत, खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. पीडब्ल्यूए वगैरे पुढच्या सीझनला. ओएनडीसी सध्या नको, बेळगावच्या मावश्या तुटायला नकोत.

लेबलं लावायला बसलो, तर सासूबाईंनी वही उघडून चौदा प्रकार सांगितले. त्यात एक 'जावयाकडचे, पैसे मागू नयेत'. तेही लावलंय. घोडं अडलंय भावावर. त्या म्हणतात, मिरचीचा बाजार पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. सध्या पानावर "भाव पाडव्यानंतर" एवढंच आहे.

माहेरवाशीण_ठाणे
पाडव्यानंतर आईसाठी एक किलो, कमी तिखट. लेबल लावून ठेवा.