लग्नात प्रत्यक्ष सनई-चौघडा हवा, काय ठरवून घ्यावं?

भाचीचं लग्न सांगलीत, मुहूर्त दुपारी १२.२०चा. कार्यालयवाले म्हणतात, रेकॉर्डिंग लावू. मला ते नकोच. दारात माणसं बसून वाजवताहेत, असं हवंय. बोलणी करताना काय विचारू?

– मी सनई वाजवतो, म्हणून सांगतो ताई. किती माणसं येणार ते आधी विचारा. एक सनई, मागे एकच सूर सतत धरणारा आणि चौघड्यावर एक, एवढे तरी हवेतच. सूर धरणारा नसला तर सनई पोरकी वाटते. सीमांतपूजनापासून हवी की फक्त मुहूर्ताला, तेही बोलून घ्या. सकाळी आम्ही तोडी राग घेतो, मुहूर्ताच्या सुमारास वृंदावनी सारंग. मंगलाष्टकं चालू असताना थांबतो, शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट सरला की जोरात सुरू. त्यासाठी भटजी दिसतील अशी जागा द्या. आणि कृपा करून वादकांना शेवटच्या पंगतीला बसवू नका. भरल्या पोटी लगेच फुंकता येत नाही, लवकर जेवू द्या.

– सोलापूरकडचं सुंदरी हे वाद्य मिळालं तर बघा. सनईपेक्षा लहान, आवाज फार गोड.

– विसार देताना वेळ आणि प्रवासखर्च लिहून घ्या.

– दादा, जागेचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आजच कार्यालयात बोलते.