सेन्शर म्हणजे कानउघाडणी नव्हे! मग मराठीत काय म्हणायचं?

खानापूरकर
धाकटा भाऊ इथंच बेळगावात राज्य सरकारी नोकरीत. परवा त्याला आदेश आला. मजकूर कन्नडात, शिक्षेच्या जागी 'वाग्दंडने' आणि शेजारी इंग्रजीत 'सेन्शर'. आईनं विचारलं, काय लिवलंय रे? मी म्हटलं, कानउघाडणी केलीय, बाकी काही नाही. आई देवापुढं साखर ठेवून मोकळी.

रात्री भावानं 1957 चे कर्नाटकचे सेवा नियम काढून दाखवले. सेन्शर ही शिक्षा आहे! सगळ्यांत हलक्यांपैकी एक, पण शिक्षाच. अपील करायचं तर मुदत चालू झालेली.

माझं म्हणणं, इंग्रजीत बोलणी देण्याचे डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं. स्कोल्ड घरातलं. रिब्यूक म्हणजे कडक शब्दांत. रिप्रिमांड वरिष्ठानं हाताखालच्याला, बहुधा कागदावर. ॲडमॉनिशमध्ये रागापेक्षा 'पुन्हा असं करू नको' जास्त. आपण सगळं 'रागावले'च्या एकाच सुपात पाखडतो. त्यापेक्षा हे शब्द आहेत तसे देवनागरीत वापरावेत.

टिळकवाडी मास्तर
साफ चूक. चुकीचा शब्द तुम्ही निवडला आणि दोष मराठीला? महाराष्ट्राच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत सेन्शरला सरळ 'ठपका ठेवणे' म्हटलंय. ठपका कागदावर राहतो, कानउघाडणी कानातच राहते. हा फरक मराठीनं केलेलाच आहे.

आणि वजनाचं म्हणाल तर समज देणे, ताकीद देणे, तंबी देणे, खडसावणे, झापणे, फैलावर घेणे, बिनपाण्यानं करणे. यातलं शेवटचं इंग्रजीत आणून दाखवा. बीरेट म्हणाल, पण त्यात न्हावी कुठाय?

निपाणीची सून
न्हावी 😄 मास्तर, झापणे-खडसावणे ठीक, पण रिप्रोचचं काय करता? त्यात आवाज चढत नाही. माझ्या सासूबाई भाकरी ताटात वाढतात आणि तव्याकडं बघत म्हणतात, "आमच्या वेळी उशीर होत नसे." हे रागावणं नाही, टोमणाही पुरता नाही. मन दुखलंय आणि ते तुला कळू दे, असं काहीतरी. 'बोल लावणे' जवळ जातं, पण बोल लावायला निदान बोलावं लागतं. रिप्रोच नुसत्या नजरेनंही होतो.

उलट स्कोल्डबद्दल सांगते. नाम म्हणून तो शब्द बाईलाच चिकटला, आपल्या 'कजाग'सारखा. इंग्लंडात 'कॉमन स्कोल्ड' हा गुन्हा होता, बायकांना खुर्चीत बांधून पाण्यात बुचकळत. कायद्यातून तो गेला थेट 1967 साली. असले शब्द जसेच्या तसे घ्यायचे म्हणजे खुर्चीही घ्यायची का?

चिकोडीचा वकील
खानापूरकरांची बाजू थोडी घेतो. 1958 च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम 3 खाली काही किरकोळ गुन्ह्यांत कोर्ट दोषीला ॲडमॉनिशन देऊन सोडू शकतं. पक्षकाराला मी सांगतो, 'समज देऊन सोडलंय'. तो बाहेर जाऊन सांगतो, 'निर्दोष सुटलो'! दोष सिद्ध झाल्यावरच ती समज मिळते, हे 'समज' शब्दात कुठंच दिसत नाही.

पेपरवाले तर विचारूच नका. न्यायाधीश सुनावणीत तोंडी काही बोलले तरी 'फटकारले', निकालात लेखी ताशेरे ओढले तरी 'फटकारले'. कन्नड पेपरांत दोन्हीला 'छीमारी'. पहिलं हवेत जातं, दुसरं काढून टाकायला वरच्या कोर्टात जावं लागतं.

टिळकवाडी मास्तर
वकीलसाहेब, मग 'ताशेरे' हा शब्द आहेच की! बातमीदारानं वापरला नाही, हा भाषेचा गुन्हा कसा? आणि ॲडमॉनिशन असं इंग्रजीत सांगितलं असतंत तर तुमच्या पक्षकाराला काय कळलं असतं? त्याला ती पदवी वाटली असती.

चिकोडीचा वकील
हे मात्र खरं. एकानं खरंच 'ॲडमिशन मिळाली' म्हणून सांगितलं होतं.

शहापूरचा
कशाला एवढं ताणूलालासा? आमच्या गल्लीत इंग्रजी, कन्नड, मराठी तिन्हींत शिव्या खाल्ल्यात. पोट तेवढंच भरतंय.

निपाणीची सून
शिवी वेगळी, बोलणी वेगळी हो भाऊ. तीच तर चर्चा चाललीय.

खानापूरकर
मास्तर, ठपक्यापुरतं मान्य. रिप्रोचबद्दल वहिनींना तुम्ही उत्तर दिलेलं नाही, ते सोडणार नाही.

काल आईला नीट सांगितलं, कानउघाडणी नाही, ठपका ठेवलाय. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तसं सांगायचं की. तुझ्या बाबांवर पण एकदा ठेवला होता. कागद ट्रंकेत असंल बघ."

ट्रंक उघडली. कागद आहे. बाबा कधी बोलले नव्हते.