मदत हवी आहे : रविवारच्या आत मन घट्ट कसं करू?

अबोली२२ :
डाग वाढलेत. हातांवर आल्यापासून बाहेर पडावंसं वाटत नाही. उपचार चालू आहेत, औषधं सुचवू नका. रविवारी कार्यक्रम आहे, सगळे असणार. तोंड कसं द्यायचं तेवढं सांगा. लवकर.

पोटोबा :
कसले डाग? वांग म्हणताय की पांढरे? कधीपासून?

घाटमाथा :
वांग असेल तर काळजी नको. आमच्या हिच्या गालांवर बाळंतपणानंतर आले होते, वर्षभरात फिके झाले. उन्हात जाताना तोंडाला ओढणी बांधा.

अबोली२२ :
वांग नाही हो, कोड. आधी कपाळावर, टिकलीच्या जागी, टिकलीएवढाच. दीड वर्षात बोटांच्या पेरांवर आणि ओठांच्या कडेला.

काढेवाला :
बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसा. दूध-मासे एकत्र नको, आंबट पूर्ण बंद. तीन महिन्यांत फरक.

रात्रपाळी :
बावचीत सोरॅलेन असतं, त्याने कातडी उन्हाला हळवी होते. माझा चुलतभाऊ ते चोपडून गच्चीवर कुरडयांची राखण करत बसला. संध्याकाळी दंडावर लिंबाएवढे फोड, आणि फोड गेले तिथे नवा पांढरा डाग. कोड असलेल्यांना खरचटलं-भाजलं तरी तिथे डाग उठू शकतो. आणि दूध-माशांचा काय संबंध? शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशी मारते. ताई, त्याच कारणाने थायरॉइडही बिघडू शकतं, तपासलं का?

काढेवाला :
भावाने प्रमाण चुकवलं. आयुर्वेदाला नावं ठेवायची फॅशनच आहे.

रात्रपाळी :
आयुर्वेदाला नाही, तुम्हाला ठेवतोय. पेशंट न बघता प्रमाण सांगताय.

अबोली२२ :
थायरॉइड नॉर्मल. आठवड्यातून दोनदा फोटोथेरपी (प्रकाशकिरणांचा उपचार) घेते. मी काय विचारलंय ते वाचता का कुणी?

शेवंती :
टिकली बंद केलीत ना? काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल असतं, ते रंगपेशी मारतं. आमच्या चाळीत दोघींना झालंय.

अबोली२२ :
कधीच बंद केली. आता येता-जाता विचारतात, "कपाळ मोकळं का गं?"

ठिणगी :
मुळात बायकांनीच टिकली का लावायची, यावर कुणी बोलणार आहे का?

काढेवाला :
आपल्या परंपरेमागे शास्त्र आहे.

पोटोबा :
वेगळा धागा काढा, तिथे भांडा.

सातारी_काका :
मला २६ वर्षं कोड आहे. सुरुवातीला मी मे महिन्यात फुल शर्ट घालायचो, मनगटाची बटणं लावून. बँकेत काउंटरवर होतो. लोक नोटा घेताना बोटांकडे बघायचे, मी पटकन हात मागे घ्यायचो. मग लोक आणखी बघायचे. एकदा एका आजीबाईंनी विचारलं, "भाजलं का रे बाळा?" म्हटलं, "नाही आजी, कोड आहे, दुसऱ्याला लागत नाही." त्या म्हणाल्या, "बरं, पाचशेचे सुट्टे दे." तेव्हापासून तेच वाक्य वापरतो. समोरच्याने विचारायच्या आत म्हणून टाकतो, आणि लगेच पुढचं काम काढतो. रडू मात्र यायचं. अजूनही जुने फोटो काढत नाही मी. पुण्यात श्वेता असोसिएशन आहे, कोड असलेल्यांचीच. डॉ. माया तुळपुळेंनी सुरू केली, त्यांनाही कोड आहे. तिथे पहिल्यांदा एका खोलीत माझ्यासारखे इतके हात पाहिले.
आता सांगा, रविवारी काय आहे? भीती सगळ्यांची की कुणा एकाची?

अबोली२२ :
काका, नणंदेचं डोहाळजेवण आहे. सासूबाई म्हणाल्या, "ओटी काकू भरतील, तू स्वयंपाकघराचं बघ." आवाज अगदी मऊ. गेल्या संक्रांतीला शेजारच्या वहिनींनी मला कुंकू न लावता करंडाच पुढे सरकवला होता. "तुम्हीच लावून घ्या." ते एवढं लागलं नव्हतं.

शेवंती :
अगं मग हे आधी सांगायचं! जाऊच नकोस.

ठिणगी :
जा आणि सगळ्यांसमोर सुनवा.

रात्रपाळी :
सासूबाईंना डॉक्टरकडे घेऊन जा. लागत नाही हे त्यांनी डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे. काही जणांना हा महारोगच वाटतो, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

सातारी_काका :
ओटी कुणाची आहे? तिला विचारलंत?

घाटमाथा :
कोड आनुवंशिक असतं का? भावाच्या मुलीचं स्थळ बघतोय म्हणून विचारलं.

रात्रपाळी :
घरात असेल तर शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. आणि हा प्रश्न या धाग्यावर विचारताना काही वाटलं नाही?

अबोली२२ :
काल रात्री नणंदेला फोन केला. तिला हे माहीतच नव्हतं. ती इतकी रडली की सातव्या महिन्यात तिला काही होईल म्हणून मीच तिची समजूत काढत बसले. म्हणते, "वहिनी, तू नाही भरलीस तर मी पाटावर बसणार नाही." आता घरात वादळ होणार, ते माझ्या नावावर. पण नारळ आणि खण मी आणून ठेवलाय.

शेवंती :
शाब्बास! कपाळाला काय लावणार मग?

अबोली२२ :
ओलं कुंकू चालतं का, ते डॉक्टरांना विचारायचंच राहिलं. शुक्रवारी जायचंय.