मदत हवी आहे: रोजच्या सीएसव्ही फाइली एक्सेलमध्ये आपोआप कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी. आमच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळची एकेक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) निघते. दहा दिवसांच्या बिलासाठी अशा २० फाइली मी हाताने जोडतो. डबल क्लिकने उघडल्या की सभासद क्रमांक ००४७ चा ४७ होतो, ०५/०३ म्हणजे ५ मार्चचा ३ मे होतो आणि नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. शेतकऱ्यांच्या पैशाचा हिशेब आहे, फार धाकधूक होते.

पॉवर क्वेरीत (एक्सेलमधली बाहेरचा डेटा आणायची सोय) पूर्ण फोल्डर घेऊन यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) निवडल्यावर नावं नीट आली. क्रमांकाचा रकाना टेक्स्ट केला, शून्यंही टिकली. तारखा मात्र अजून उलटतात. लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) नेमकं कोणत्या पायरीवर बदलायचं? आणि रिफ्रेशनंतर फॅटच्या रकान्याचं फॉरमॅटिंग कसं टिकवायचं? मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) नकोत, केंद्रातल्या संगणकावर ते बंद आहेत.