चेताविकार आणि जीनोमशास्त्र : एका संशोधकाला दोन्ही वाटा सांभाळता येतात का?

प्रश्न : निवासी डॉक्टर

मी न्यूरॉलॉजीच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे आणि गेले काही महिने मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडते आहे. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या ज्या रुग्णांच्या आजाराचे कारण आम्हाला सापडत नाही, त्यांतील काहींचे नमुने आम्ही जनुकीय तपासणीसाठी पाठवतो. काही आठवड्यांनी अहवाल येतो, आणि त्यातील बऱ्याच ओळींचा अर्थ मला लावता येत नाही. म्हणून जीनोमशास्त्र, म्हणजे माणसाच्या संपूर्ण जनुकीय माहितीचा अभ्यास, नीट शिकावे असे वाटू लागले आहे. मात्र ज्येष्ठांपैकी एकांचे म्हणणे असे की, रुग्ण तपासण्यावरची पकड ढिली होऊ न देता बाकीचे काम संगणकतज्ज्ञांवर सोपवावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, संशोधन करायचे असेल तर रुग्णसेवा सोडून पूर्णवेळ प्रयोगशाळेत जावे.

मुलांच्या चेताविकारांच्या डॉक्टर आणि जनुकशास्त्रज्ञ डॉ. हुडा झोग्बी यांच्याविषयी नुकतेच वाचले. १९८३ मध्ये त्यांनी रेट सिंड्रोम या प्रामुख्याने मुलींत आढळणाऱ्या दुर्मीळ चेताविकाराची रुग्ण पहिल्यांदा तपासली आणि १९९९ मध्ये त्या आजाराचे जनुक त्यांच्या प्रयोगशाळेला सापडले. मधल्या सोळा वर्षांत नेमके काय घडले, आणि संपूर्ण जीनोम काही दिवसांत वाचून होत असलेल्या आजच्या काळात अशा कारकिर्दीला जागा उरली आहे का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर : प्रयोगवही

मी आण्विक जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे सोळा वर्षांच्या प्रश्नाला हात घालतो. ती वर्षे केवळ रेट सिंड्रोमवर गेली नाहीत, आणि मला या कारकिर्दीत सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच वाटते.

झोग्बी यांचा जन्म १९५४ मध्ये बैरुतला झाला. १९७५ मध्ये तेथील अमेरिकन युनिव्हर्सिटीत त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले त्याच वर्षी लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले, त्यांना अमेरिकेत यावे लागले, आणि १९७९ मध्ये नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. पुढचे प्रशिक्षण ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये झाले. ऑस्ट्रियाचे आंद्रेआस रेट यांनी हा आजार १९६६ मध्येच वर्णिला होता, परंतु ते लेखन जर्मन भाषेत असल्याने फारसे कोणाच्या नजरेस पडले नव्हते. १९८३ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट हागबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली, आणि त्याच सुमारास झोग्बी यांच्यासमोर तंतोतंत तशीच लक्षणे असलेली एक मुलगी आली. पाठोपाठ दुसरीही आली. सुरुवातीला नीट वाढणारी मुले शिकलेले शब्द विसरतात, हातांचा उपयोग सोडतात आणि हात सतत चोळत राहतात, हे चित्र दोघींत इतके सारखे होते की, त्यामागे एकच जनुक असले पाहिजे असा तर्क त्यांनी बांधला. आजार जवळजवळ कधीच एका कुटुंबात दोनदा दिसत नसताना असा तर्क करणे धाडसाचे होते.

तर्क पटला तरी मार्ग नव्हता. त्या काळी जनुक शोधायचे म्हणजे अनेक पिढ्यांचे, अनेक रुग्ण असलेले मोठे कुटुंब लागे. गुणसूत्राचा कोणता तुकडा आजाराबरोबर वडिलांकडून वा आईकडून मुलांकडे जातो हे एकेका खुणेने तपासत जावे लागे. रेट सिंड्रोममध्ये असे कुटुंब मिळणेच दुर्मीळ. म्हणून आर्थर बोडे यांच्या प्रयोगशाळेत आण्विक जनुकशास्त्र शिकताना झोग्बी यांनी सोडवता येण्याजोगा दुसरा प्रश्न हाती घेतला : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, तोल आणि बोलणे हळूहळू हिरावून घेणारा स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार १. मिनेसोटाचे हॅरी ऑर त्याच जनुकाच्या मागे होते. दोघांनी स्पर्धा न करता हातमिळवणी केली, आणि ८ एप्रिल १९९३ या एकाच दिवशी दोन्ही प्रयोगशाळांना सहाव्या गुणसूत्रावरील तो दोष दिसला.

तो दोष कसा दिसतो, हे ज्यांनी जुन्या पद्धतीने काम केले आहे त्यांना चांगले आठवत असेल. अंधाऱ्या खोलीत धुऊन काढलेल्या एक्स-रे फिल्मवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या उमटतात; निरोगी व्यक्तींच्या रकान्यांत त्या खाली असतात, आणि रुग्णांच्या रकान्यात मात्र एक पट्टी वरच अडलेली दिसते, कारण तो तुकडा लांब असल्याने जेलमधून (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरातून) सावकाश सरकलेला असतो. डीएनएची सी-ए-जी ही तीन अक्षरे या जनुकात मर्यादेपेक्षा अधिक वेळा लागोपाठ येतात, परिणामी प्रथिनात ग्लुटामिन या अमिनो आम्लाची लांबच लांब साखळी तयार होते, आणि लहान मेंदूतील पुर्किन्ये पेशींना ते प्रथिन झेपत नाही. निरोगी जनुकात या साखळीच्या मध्ये सी-ए-टी असा खंड असतो, तर रुग्णांत तो नाहीसा झालेला असतो. अखंड साखळी पुढच्या पिढीत जाताना आणखी वाढू शकते आणि मुलाला आजार वडिलांपेक्षा लवकर गाठतो. कुटुंबाचा इतिहास घेताना डॉक्टरांनी पूर्वीपासून टिपलेले हे निरीक्षण होते. त्याचे स्पष्टीकरण फिल्मवर मिळाले.

या काळात रेटचे काम त्यांनी सोडले नव्हते. जगभरातून मिळालेल्या मोजक्या कुटुंबांच्या आधारे एक्स गुणसूत्राचे एकेक क्षेत्र वगळत शोध त्याच्या टोकाशी येऊन थांबला, आणि १९९९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील रूथी आमिर यांना तेथे एमईसीपी२ जनुकात बदल आढळले. म्हणून माझा सल्ला असा की, मनातला अवघड प्रश्न जिवंत ठेवावा आणि हात मात्र सोडवता येईल अशा प्रश्नावर बसवावेत.

उत्तर : एका मुलीची आई

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला रेट सिंड्रोम आहे, म्हणून लिहिते.

दीड वर्षाची असताना ती चमचा स्वतः धरत असे. नंतर तो धरणे सुटले आणि हात छातीपाशी एकमेकांत गुंतून साबण लावून धुतल्यासारखे फिरू लागले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी लाल होऊन सोलवटू लागली. जवळपास दोन वर्षे आम्हाला ‘वाढ थोडी मागे आहे’ एवढेच सांगण्यात आले. शेवटी एका डॉक्टरांनी तिच्याशी काही न बोलता पाच-सात मिनिटे फक्त तिच्या हातांकडे पाहिले आणि मग कोणती तपासणी करायची ते सांगितले.

अहवालाने आजार बरा झाला नाही. पण गरोदरपणात माझ्याकडून काय चुकले, हा जो विचार मला रात्र-रात्र झोपू देत नव्हता तो थांबला. हा बदल बहुतेक वेळा नव्याने घडलेला असतो, तो आईवडिलांच्या रक्तात सापडत नाही, आणि तरीही दुसऱ्या अपत्याला अल्प धोका राहतो, कारण क्वचित तो आईवडिलांच्या काही बीजपेशींत लपलेला असू शकतो. हे सारे कोणीतरी शांतपणे समजावून सांगावे लागते. डॉक्टर, तुम्ही जीनोमशास्त्र शिकलात तर ते आम्हाला सांगण्यासाठीही शिका. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला रेट सिंड्रोमसाठी मान्यता मिळाली, तेव्हा त्याने काय होते आणि काय होत नाही हे विचारायला मला अशाच डॉक्टरांची गरज भासली होती.

उत्तर : अनुक्रम

वरील दोन्ही उत्तरे मला मोलाची वाटली, परंतु ‘प्रयोगवही’ यांच्या उत्तरातून जनुक शोधणे हेच अवघड काम असल्याचा समज होऊ नये. मी जीनोमच्या माहितीचे विश्लेषण करतो. आज अडचण उलट दिशेची आहे. सुमारे ३ अब्ज अक्षरांच्या जीनोममध्ये प्रत्येक माणूस संदर्भ-जीनोमपेक्षा (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना-जीनोमपेक्षा) साधारण ४० ते ५० लाख ठिकाणी वेगळा असतो, आणि त्यांतील कोणता फरक या रुग्णाच्या आजाराला कारण आहे हे संगणक एकटा ठरवू शकत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आपल्याला अहवालात दिसतो तो यामुळेच. २०१५ पासून प्रचलित असलेली जनुकीय बदल निरुपद्रवी ते आजारकारक अशा पाच पातळ्यांत मांडणारी वर्गीकरण-पद्धत आपण सर्वप्रथम शिकावी असे मी आग्रहाने सुचवेन. तिच्यात रुग्णाची लक्षणे, आईवडिलांचे नमुने आणि कुटुंबाचा इतिहास यांना पुराव्याचे वजन आहे, आणि तो पुरावा गोळा करणे आपल्याच हातात असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नेहमीच्या पद्धतीत जीनोम छोट्या-छोट्या तुकड्यांत वाचून नंतर जुळवला जातो. एकच अक्षरसमूह शेकडो वेळा आला असेल, तर तो तुकडा त्यात मावत नाही आणि जुळणीत हरवतो. सी९ओआरएफ७२ या जनुकाचे उदाहरण घ्या. एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा चेताविकार) आणि एका प्रकारचा स्मृतिभ्रंश यांच्याशी नवव्या गुणसूत्राचा संबंध २००६ पासून माहीत होता, तरी सहा अक्षरांची वाढलेली पुनरावृत्ती २०११ मध्येच हाती लागली. म्हणून एक्झोमच्या, म्हणजे जीनोमच्या केवळ प्रथिने ठरवणाऱ्या भागाच्या, अहवालात काही आढळले नाही, याचा अर्थ जनुकीय कारण नाही असा कधीही घेऊ नये. चालीकडे पाहून ‘ही पुनरावृत्ती स्वतंत्रपणे तपासा’ असे सांगणारा डॉक्टर नसेल, तर माझ्यासमोर ती माहिती येतच नाही.

वेळेचे गणित मात्र कठीण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दोन्ही कामे पूर्ण भराने एकाच व्यक्तीला जमत नाहीत. ज्यांना जमलेली दिसतात त्यांच्यामागे मोठा संघ असतो. झोग्बी यांनीही फळमाश्यांवर, उंदरांवर आणि रुग्णांवर काम करणाऱ्या वेगवेगळ्या सहकाऱ्यांची साथ घेतली.

उत्तर : प्रयोगवही

‘अनुक्रम’ यांचे म्हणणे रास्त आहे, आणि जनुक सापडल्यानंतर काय झाले हे सांगितल्यावाचून माझे उत्तर अपुरेच राहिले असते. २००४ मध्ये झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने एमईसीपी२ चे प्रथिन सुमारे दुप्पट प्रमाणात बनवणारे उंदीर तयार केले. ते निरोगी राहतील अशी अपेक्षा कोणी केली असती, पण त्यांनाही चेताविकार जडला. पुढच्याच वर्षी हे जनुक दुप्पट झालेली मुले वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली. २००७ मध्ये ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने, जनुक बंद असलेल्या आजारी उंदरांत ते पुन्हा सुरू करून लक्षणे बऱ्याच अंशी मागे फिरवून दाखवली, तेव्हा आशा आणि सावधगिरी दोन्ही एकदमच पुढे आली : जनुक द्यायचे, पण प्रत्येक पेशीला नेमके तेवढेच. जनुकोपचाराची रचना करणाऱ्यांना आज याच मर्यादेत राहून काम करावे लागते. झोग्बी आणि बर्ड यांना मेंदूविज्ञानातील संशोधनासाठीचा २०२० चा ब्रेन प्राइझ हा पुरस्कार एकत्र मिळाला तो याच कामासाठी.

प्रश्नकर्तीचे उत्तर : निवासी डॉक्टर

सर्वांचे मनापासून आभार. ‘अनुक्रम’ यांचे उत्तर वाचून मी आज एका रुग्णाची फाइल पुन्हा उघडली. चालताना तोल जाणारे पस्तिशीचे गृहस्थ आहेत. एक्झोममध्ये काही आढळले नाही म्हणून आम्ही त्यांना सहा महिन्यांनी यायला सांगितले होते. माझ्याच हस्ताक्षरात इतिहासाच्या रकान्यात लिहिलेले आहे की, त्यांच्या वडिलांनाही पन्नाशीनंतर भिंतीचा आधार घेऊन चालावे लागत असे. पुनरावृत्तीची तपासणी कोणी मागवलेलीच नव्हती, मीही नाही. उद्या सकाळी त्यांना फोन करून बोलावते आहे, आणि वडील येऊ शकत असतील तर त्यांनाही.